वाचकांचे प्रश्न: जाळीचा हायब्रिड पॅन घ्यावा का?

भांड्यांविषयी आलेल्या पत्रांत या वेळी हायब्रिड फ्राय पॅनचे प्रश्न इतके होते की हा अंक त्यालाच दिला आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: दुकानात मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असलेला पॅन पाहिला. दुकानदार म्हणाला, हा स्टीलही आहे आणि नॉनस्टिकही, लोखंडी कालथा चालतो, तेल लागत नाही, आयुष्यभर टिकतो. तवा, कढई, नॉनस्टिक सगळं बाजूला ठेवून हा एकच घ्यावा का? (जुळे सोलापूर)

उत्तर: चार दाव्यांपैकी पहिला खरा, दुसरा बराचसा खरा, तिसरा आणि चौथा ऐकून सोडून द्यायचे. तवा-कढई तर मुळीच काढू नका.

रचना कळली की बाकीचं आपोआप उलगडतं. चांगल्या हायब्रिड पॅनचं अंग तीन थरांचं असतं. आत, अन्नाला लागणारं स्टेनलेस स्टील, मध्ये अ‍ॅल्युमिनियम, बाहेर चुंबक धरणारं, म्हणून इंडक्शनवर चालणारं स्टील. दुकानात याला ट्रायप्लाय म्हणतात. स्टील मजबूत खरं, पण उष्णता पसरवण्यात मठ्ठ. ज्योत जिथे लागेल तिथेच तापतं आणि भाजी तेवढ्याच गोलात करपते. अ‍ॅल्युमिनियम स्टेनलेस स्टीलपेक्षा दहापटीहून चांगली उष्णता वाहून नेतं, म्हणून ते मध्ये घालतात. आतल्या स्टीलवर षटकोनी जाळी उठवलेली असते. जाळीच्या रेषा उंच आणि स्टीलच्या; रेषांमधली घरं किंचित खोल आणि त्यांत काळं नॉनस्टिक कोटिंग. कालथा रेषांवरून सरकतो, खालच्या कोटिंगला सहसा लागत नाही. सहसा म्हणायचं कारण असं की कालथ्याची सपाट धार वरच राहते, पण सुरीचं टोक, काट्याचे दात, झिजून टोकदार झालेला कालथ्याचा कोपरा हे थेट घरात उतरतात. ऑम्लेट पॅनमध्येच कापायची सवय असेल तर जाळी काही वाचवणार नाही.

आता तेलाचं. पृष्ठभागाचा एक हिस्सा उघडं स्टील आहे आणि स्टीलला अन्न चिकटतं. त्यामुळे नव्या साध्या नॉनस्टिकइतका हा पॅन निसरडा कधीच नसतो. दोन माणसांच्या भाजीला दोन चहाचे चमचे तेल लागणारच. त्या बदल्यात एक मिळतं: साध्या नॉनस्टिकवर पनीर किंवा भेंडी नुसती मऊ पडते, इथे उंच रेषांवर ती रंग धरते. टिकण्याचं म्हणाल तर स्टीलचं अंग वर्षानुवर्षं टिकेल, कोटिंग नाही टिकणार. जाळीमुळे ते ओरखड्यांनी लवकर जात नाही इतकंच; त्याला मारते ती उष्णता, आणि ती आपल्या हातात असते.

म्हणजे हा पॅन मध्यम आचेवर, थोड्या तेलात होणाऱ्या कामांचा. थालीपीठ, धपाटे, ऑम्लेट, भुर्जी, बटाट्याच्या काचऱ्या, कोथिंबीर वड्या, उजनी धरणातला चिलापी मासा, रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी. भाकरी, शेंगदाणे, मसाल्याची भाजणी आणि तळण यांना जुनीच भांडी बरी. पिठलं होतं का, असंही पत्रांत आहे. होतं, पण ज्या घरात खाली धरलेल्या खरवडीवरून भावंडांत भांडणं होतात, त्यांनी लोखंडी कढई हलवू नये.

प्रश्न: सारख्याच दिसणाऱ्या दोन पॅनच्या किमतीत दुपटीचा फरक आहे. जाळी दोन्हीवर आहे. खरा कसा ओळखायचा? (अशोक चौक)

उत्तर: जाळी बघू नका, पॅन उलटा करा. जाळी साध्या अ‍ॅल्युमिनियमवरही छापता येते, आणि बाजारात तसले पॅन भरपूर आहेत.

फ्रीजवरचा छोटा चुंबक खिशात घालून जा. तो तळाला लावा, मग बाहेरच्या बाजूला, काठाच्या जरा खाली लावा. दोन्हीकडे चिकटला तर बाहेरचं स्टील काठापर्यंत गेलेलं आहे. फक्त तळाला चिकटला तर अंग वेगळं आहे आणि इंडक्शनपुरती एक चकती खाली बसवलेली आहे. कुठेच चिकटला नाही तर तो पॅन इंडक्शनवर चालणार नाही. चकतीवाला पॅन ओळखायला आणखी एक खूण: तळाच्या थोडं वर, बाजूने फिरणारी एक पायरी किंवा रेघ दिसते. अशा पॅनमध्ये तळ बरा तापतो, पण चकतीच्या कडेला जिथे थर संपतात तिथे अन्न करपतं आणि बाजूच्या भिंती थंड राहतात.

मग काठ. कापलेला, न दुमडलेला काठ उजेडात तिरका धरला की दोन चकचकीत रेघांमध्ये एक निस्तेज राखाडी रेघ दिसते. तेच मधलं अ‍ॅल्युमिनियम. काही कंपन्या काठ बंद करतात, तिथे ही खूण मिळत नाही.

जाळीवरून नख फिरवा. खऱ्या जाळीत नख खरखर अडखळतं आणि उंच रेषा चंदेरी दिसतात. सगळा पृष्ठभाग एकसारखा काळा आणि नख सुळकन सरकलं, तर ती नुसती नक्षी. काही पॅनमध्ये सुरुवातीला रेषांवरही कोटिंगचा पातळ थर असतो आणि पहिल्या काही आठवड्यांत तो घासून चंदेरी रेषा उघड्या पडतात. तो दोष समजू नये.

हातात घेऊन वजन पाहा. २४ सेंटिमीटरचा तीन थरांचा पॅन झाकणाशिवाय किलोच्या आसपास भरतो. तेवढ्याच मापाचा हलकाफुलका वाटला तर पत्रा पातळ आहे. खोक्यावर एकूण जाडी लिहिलेली असते. अडीच मिलिमीटर किंवा जास्त असावी. दोनच्या खालचा पॅन इंडक्शनवर लवकर वाकतो. आतल्या स्टीलचा दर्जा ३०४ किंवा १८/८ असा लिहिलेला असतो, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. स्वस्त पॅनमध्ये २०० मालिकेचं स्टील घालतात. त्यात निकेल कमी असतं आणि मिठाच्या पाण्याने त्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे लवकर पडतात.

शेवटी पॅन दुकानाच्या काचेच्या काउंटरवर ठेवून काठावर एका बोटाने आळीपाळीने चार बाजूंनी दाबा. डोलला तर परत द्या. खाली पट्टी धरून पाहिली आणि तळ मध्यभागी किंचित आत दबलेला दिसला तर हरकत नाही, तापल्यावर तो सपाट होतो. बाहेर फुगलेला मात्र नको. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत गड्ड्यावर, म्हणजे तिथल्या जत्रेत घेणाऱ्यांनी हे सगळं तिथेच उभं राहून करावं. तिथे घासाघीस होते, माल परत होत नाही.

घरी आणल्यावर एक चाचणी करता येते. धुऊन पुसलेल्या पॅनमध्ये चार चमचे बारीक रवा सारखा पसरा, मंद ते मध्यम आचेवर न हलवता तीन-चार मिनिटं ठेवा. रवा सगळीकडे सारखा बदामी झाला तर थर चांगले. बर्नरच्या आकाराचं तपकिरी कडं उमटलं तर मधलं अ‍ॅल्युमिनियम नावापुरतंच आहे.

प्रश्न: घरी चार माणसं, दोन बर्नरची शेगडी आणि एक इंडक्शन. २० घ्यावा, २४ की २८? (होटगी रोड)

उत्तर: २४ किंवा २६. खोक्यावरचं माप वरच्या तोंडाचं असतं. उतरत्या भिंतींमुळे तळ त्याहून पाच-सहा सेंटिमीटर लहान निघतो, म्हणजे २४ च्या पॅनचा तळ सुमारे १८. मध्यम थालीपीठ किंवा धपाटा तेवढाच असतो. २० चा पॅन एका ऑम्लेटपुरता. २८ मध्ये चौघांची भाजी एका वेळी होते, पण भरल्यावर तो दोन किलोंच्या पुढे जातो आणि लहान बर्नरवर त्याची कड तापायला वेळ लागतो. भाजीसाठीच हवा असेल तर रुंदीपेक्षा खोली वाढवा: २४ चाच, पण सहा-सात सेंटिमीटर उंच भिंतींचा.

घरगुती इंडक्शनची वेटोळी साधारण १८ ते २० सेंटिमीटरची असतात, म्हणून तळही तेवढाच असलेला बरा. सुरुवात ६०० ते ८०० वॉटवर करा, दोन मिनिटांनी १००० ते १२०० वर न्या. थेट २००० वर ठेवलेला रिकामा पॅन बघता बघता कोटिंग सोसेल त्यापुढे तापतो, आणि तेही फक्त मध्यभागी, त्यामुळे तळाला ताण बसतो. गॅसवर ज्योत तळाच्या बाहेर येऊ देऊ नका. बाहेर आलेली ज्योत भिंतीवरचं तेल जाळते आणि दांडा तापवते. पोकळ स्टीलचा दांडा इंडक्शनवर गार राहतो, गॅसच्या मोठ्या ज्योतीवर राहत नाही.

दांडा रिव्हेटने बसवलेला पक्का, फक्त आतल्या रिव्हेटच्या टोप्यांभोवती मसाला साचतो. जुना दात घासायचा ब्रश तिथे कामाला येतो.

प्रश्न: यावर ज्वारीची भाकरी होईल का? (मंगळवेढा)

उत्तर: नाही, आणि करूही नये.

भाकरीला तवा रिकामा असतानाच कडक तापलेला लागतो. ज्वारीत ग्लूटेन नाही. उकड काढून किंवा गरम पाण्याने मळून पिठाला जो चिकटपणा येतो त्याच्यावरच भाकरी उभी असते, म्हणून तव्यावर पडताच खालचा पापुद्रा ताबडतोब धरला पाहिजे. तवा कोमट असला तर भाकरी चिवट होते, कडेने चिरते आणि फुगत नाही. भाकऱ्यांच्या घाण्यात, एक उतरवून दुसरी थापेपर्यंत, तवा मोठ्या ज्योतीवर रिकामाच बसलेला असतो. लोखंडी तव्याला त्याचं काही वाटत नाही. हायब्रिडच्या घरांतलं पीटीएफई, म्हणजे नॉनस्टिकचं नेहमीचं कोटिंग, मात्र २६० अंश सेल्सिअसपर्यंतच भरवशाचं. रिकामा पॅन मोठ्या ज्योतीवर काही मिनिटांत त्यापुढे जातो. शिवाय भाकरीवरून झडलेलं कोरडं पीठ घरांत पडून जळतं, आणि पॅनच्या उभ्या भिंतीत हाताने भाकरी टाकायची म्हणजे मनगटाला चटका ठरलेला. वरून फिरवलेलं पाणी ओघळून तापल्या पॅनवर पडतं ते वेगळंच.

लोखंडाचा, बिडाचा किंवा मातीचा तवा यासाठी ठेवा. कडक भाकरीलाही तोच. पोळ्या या पॅनवर होतात, पण सावकाश आणि जरा चामट. रोजच्या वीस पोळ्यांसाठी कोणी हा खटाटोप करू नये.

धपाटे मात्र यावर फार छान होतात. पॅन मध्यम आचेवर दीड मिनिट, एक चमचा तेल सगळीकडे फिरवून, मग ओल्या फडक्यावर थापलेला धपाटा उलटा टाकायचा आणि फडकं सोलून घ्यायचं. फडकं नीट पिळलेलं असू द्या. टपकणारं पाणी तेलात पडलं की उडतं. मध्ये भोक पाडून तिथे आणि कडेने मिळून एक चमचा तेल, झाकण ठेवून दोन-अडीच मिनिटं, उलटून झाकणाशिवाय दोन मिनिटं. झाकण दोन्ही वेळा ठेवलं तर वाफेने खरपूसपणा जातो.

प्रश्न: नवा पॅन, तरी पहिलंच ऑम्लेट चिकटलं. मासा तर तुटूनच निघाला. पॅन खराब आहे का? (विजापूर रोड)

उत्तर: बहुतेक नाही. वापर साध्या नॉनस्टिकसारखा झाला असणार. गार पॅनमध्ये तेल आणि अंडं एकदमच घातलं की साध्या नॉनस्टिकवर खपून जातं, इथे नाही.

आधी एकदा पॅन मुरवून घ्या. कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा. कारखान्यातलं पॉलिशचं तेल त्यावर असतं. पुसून मंद आचेवर एक मिनिट ठेवा, अर्धा चमचा रिफाइंड तेल कापडाने सगळ्या घरांत आणि भिंतींवर चोळा, आणखी दोन मिनिटं मंद आचेवर ठेवून गॅस बंद करा. पूर्ण गार झाल्यावर जास्तीचं तेल कोरड्या कापडाने पुसा. निसरडेपणा कमी वाटेल तेव्हा हे पुन्हा करायचं, साधारण महिन्याने.

रोज वापरताना पॅन आधी तापवा, पण किती ते महत्त्वाचं. पाण्याचा थेंब पाऱ्यासारखा गोळा होऊन पळाला पाहिजे, ही जी खूण सांगितली जाते ती साध्या स्टीलच्या पॅनची आहे. तो थेंब पळू लागतो तेव्हा पॅन २०० अंशांच्या आसपास गेलेला असतो, आणि मोठ्या ज्योतीवर तिथून २६० फार लांब नाही. हायब्रिडमध्ये अलीकडेच थांबा: थेंब चर्र करून लगेच फुटला आणि उडाला की पुरे. मध्यम आचेवर २४ च्या पॅनला दीड-दोन मिनिटं लागतात. मग तेल घाला, वीस-तीस सेकंदांत ते पातळ होऊन त्यावर बारीक लाटा दिसतात. तेव्हाच पदार्थ टाकायचा. धूर दिसला तर गॅस बंद करून थांबायचं.

दोन अंड्यांना दीड चमचा तेल. अंडी फ्रीजमधून दहा-पंधरा मिनिटं आधी काढा. गार अंड्याने पृष्ठभाग एकदम निवतो आणि पांढरा भाग सेट होण्याऐवजी जाळीत उतरून बसतो. ओतल्यावर कड सुटेपर्यंत, म्हणजे चाळीस सेकंद ते मिनिटभर, कालथा लावू नका.

मासा तुटण्याचं कारण निराळं. कच्ची प्रथिनं तापलेल्या स्टीलला धरतात आणि खालचा पापुद्रा खरपूस झाल्यावरच सोडतात. त्याआधी उलटायला गेलं की पापुद्रा पॅनला आणि मासा कालथ्याला. चिलापीच्या दीड सेंटिमीटर जाडीच्या तुकड्यांचं पाणी फडक्याने टिपा, मसाला लावा, रवा किंवा तांदळाच्या पिठात घोळवून पाच मिनिटं ठेवा. दोन मोठे चमचे तेल, मध्यम आच, एका बाजूला साडेतीन ते चार मिनिटं. कालथा खाली सारून पाहा. अडखळला तर आणखी अर्धं मिनिट. २४ च्या पॅनमध्ये एका वेळी तीन तुकडे, चौथा नको. गर्दी झाली की तुकड्यांचं पाणी सुटतं आणि तळण्याऐवजी मासा उकडतो.

डोशाचे प्रश्न यात मिसळलेले आहेत, म्हणून एका वाक्यात: पातळ पीठ घरांत उतरतं आणि भिंतींमुळे उलथनं आडवं जात नाही, तेव्हा डोशाला सपाट तवाच घ्या.

प्रश्न: शेंगाच्या चटणीसाठी दाणे यात भाजले तर? (बार्शी)

उत्तर: पावशेर दाणे, मंद आच, सतत हलवणं, एवढं पाळलं तर बिघडत नाही. किलो-दोन किलो भाजायचे असतील तर लोखंडी कढई. दाणे आतपर्यंत भाजायला मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं सहज जातात, आणि कोरड्या भाजणीत पॅनचा ताप आवरायला तेल किंवा पाणी काहीच नसतं. पॅनच्या बुटक्या भिंतींवरून दाणे बाहेर उडतात. जळकी टरफलं घरांत अडकतात आणि पुढच्या ऑम्लेटला कडू वास लावतात. काळ्या मसाल्याचं खोबरं आणि तीळ यांनाही हेच लागू.

प्रश्न: खोक्यावर पीएफओए-फ्री लिहिलं आहे. घरात लव्हबर्डची जोडी आहे. म्हणजे आता धोका नाही ना? (सात रस्ता)

उत्तर: त्या शब्दांचा तुमच्या पक्ष्यांशी संबंध नाही.

पीएफओए हे कोटिंग तयार करताना वापरलं जाणारं साहाय्यक रसायन. ते शरीरात आणि पाण्यात वर्षानुवर्षं साचून राहतं, म्हणून २०१९ मध्ये अशा घातक रसायनांना आवर घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत त्याचा समावेश झाला. आज ते नाही असं लिहिण्यात फारसं विशेष काही उरलेलं नाही. घरांत बसवलेलं कोटिंग म्हणजे पीटीएफई. ते १९३८ मध्ये अमेरिकेत सापडलं आणि नॉनस्टिकच्या बहुतेक भांड्यांवर तेच असतं. मर्यादेत तापवलं तर ते कशाशीच अभिक्रिया करत नाही. चुकून एखादा कण पोटात गेला तर तसाच बाहेर पडतो. २६० अंशांच्या पुढे मात्र ते बिघडू लागतं आणि ३५० च्या आसपास त्यातून घातक वाफा निघतात. माणसाला त्याने थंडी-तापासारखा त्रास होतो, जो सहसा एक-दोन दिवसांत उतरतो. पक्ष्यांची फुप्फुसं हवेतलं सगळं फार झपाट्याने शोषतात, त्यामुळे ते मरतात. पीएफओए-फ्री पॅनमध्येही पीटीएफई असतंच, तेव्हा धोका तोच.

पॅनमध्ये तेल असेल तर इशारा मिळतो: रिफाइंड शेंगदाणा तेल साधारण २३० अंशांना धुरावतं, म्हणजे कोटिंग बिघडण्याआधी. रिकाम्या पॅनला असा इशारा नाही. फोन वाजला म्हणून पॅन चुलीवर ठेवून बाहेर जाणं, हाच खरा अपघात. पिंजरा स्वयंपाकघरात आणि त्याला लागून असलेल्या खोलीत ठेवू नका, पंखा आणि खिडकी चालू ठेवा. मनात धाकधूक राहणार असेल तर जाळीविना साधा ट्रायप्लाय स्टीलचा पॅन घ्या. सिरॅमिक कोटिंगचा हायब्रिडही मिळतो. त्यात पीटीएफई नसतं, पण त्याचा निसरडेपणा आधी जातो.

प्रश्न: तीन महिन्यांत पॅनवर पिवळट चिकट थर आला आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात. मावशी तारेच्या घासणीने घासतात. काय करावं? (पंढरपूर)

उत्तर: तार आधी बंद करा. जाळीच्या रेषा कालथ्याला वर धरतात, पण तारेचे बारीक वेढे घरांत सहज शिरतात आणि कोटिंग खरवडतात. राख, रांगोळी, खरखरीत पावडर यांचंही तसंच. नायलॉनची घासणी किंवा स्पंज पुरतो.

चिकट थर हा तेलाचाच. तेल पुन्हा पुन्हा तापून वाळलं की रोगणासारखं घट्ट बसतं, आणि करडईचं तेल यात सगळ्यांच्या पुढे. ते मुळातच वाळणाऱ्या जातीचं, रंगांतही वापरलं जाणारं तेल आहे. आपल्या सोलापूर जिल्ह्यात करडई घरोघर, त्यातून लाकडी घाण्याचं तेल रिफाइंड न केलेलं, लवकर धुरावणारं. ते चटणीवर आणि भाकरीबरोबर खावं. या पॅनमध्ये परतायला रिफाइंड शेंगदाणा तेल घ्या. भिंतींवर उडालेले थेंब रोज साबणाने काढले नाहीत तर थर तिथूनच सुरू होतो. नुसतं पाण्याने विसळणं पुरत नाही.

बसलेला थर काढायला पॅनमध्ये दोन पेले पाणी आणि एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून मंद उकळी दहा मिनिटं द्या. गॅस बंद करून कोमट होऊ द्या, मग नायलॉनच्या घासणीने गोल गोल न घासता जाळीच्या रेषांच्या दिशेने घासा. जुना थर एका खेपेत जात नाही, दोन-तीन वेळा करावं लागतं. भिंतींवर सोड्याची घट्ट पेस्ट अर्धा तास लावून ठेवा. हे झाल्यावर पॅन पुन्हा मुरवायला विसरू नका, कारण सोड्याने चांगलं तेलही निघून जातं.

पांढरे डाग म्हणजे जड पाण्यातले क्षार. एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा अर्ध्या लिंबाचा रस, पेलाभर पाण्यात घालून दोन मिनिटं कोमट करा, डाग सुटतात. धुतल्यावर पालथा न घालता लगेच पुसला तर पडतच नाहीत. निळसर-जांभळी झाक ही स्टील जास्त तापल्याची खूण. तीही व्हिनेगरने जाते, पण आच मोठी होते आहे हे त्यावरून समजून घ्या.

मीठ गार पाण्यात घालून तसंच ठेवू नका. तळाशी बसलेले खडे स्टीलला टोचे पाडतात. पाणी उकळल्यावर घाला, ढवळा. चिंच, टोमॅटो, आमसुलाने स्टीलला काही होत नाही, मात्र आमटी रात्रभर पॅनमध्ये ठेवू नये.

प्रश्न: पॅन काचेच्या शेगडीवर डोलतो. आणला तेव्हा सपाट होता. (अक्कलकोट)

उत्तर: गरम पॅन थेट नळाखाली धरला असेल. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त पसरतं आणि गार होताना जास्त आक्रसतं. हळूहळू गार झालं तर थर एकमेकांना सांभाळून घेतात. एकदम गार पाणी पडलं की तळ ओढला जाऊन वाकतो. हातोडीने ठोकून सरळ करू नका, कोटिंग तडकतं. गॅसवर तो पॅन वापरता येईल, तेल एका बाजूला जाईल एवढंच. इंडक्शनवर मात्र नको, तळ टेकत नाही तिथे तो सारखा तापत नाही. पुढच्या वेळी उतरवलेला पॅन दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या.

प्रश्न: कोटिंग गेल्यावर पुन्हा मारून मिळतं का? कधी टाकून द्यावा? (मोहोळ)

उत्तर: साध्या नॉनस्टिकवर नवा थर मारून देणारे आहेत, पण जाळीच्या पॅनवर तो थर रेषांवरही बसतो आणि घरं बुजतात. पैसे घालवू नका. मुरवूनही अंडं सुटत नसेल तर कोटिंग संपलं, तरी घरं काळी आणि अखंड असतील तोवर रस्सा, भाजी, उकडणं याला पॅन चालतो. घरांत मधूनच स्टील चमकू लागलं, कड उचललेली दिसली किंवा पुसल्यावर फडक्यावर काळे कण आले की तो चुलीवरून उतरवा. वॉरंटीचा कागद वाचून घ्या. बहुधा ती वाकणं, दांडा सुटणं अशा दोषांची असते, जास्त तापवल्याने गेलेल्या कोटिंगची नसते. झाकण मात्र ठेवून घ्या, २४ चं झाकण पुढे घ्याल त्या २४ च्याच पॅनलाही बहुतेक वेळा बसतं.